मामाची मांडी

त्या दिवशी सकाळपासून माग बंद होते. एरवी आमच्या घरात बोलायचं म्हणजे शेडमधल्या यंत्रमागांच्या खडखडाटावरून आवाज चढवूनच बोलायचं. त्यामुळं ती शांतता मला परक्या घरातली वाटत होती. सगळे बाहेर मांडवात होते. मी मधल्या खोलीत शंभूला पाजत बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात तांब्या पडला. पडला, घरंगळला, फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिला. कुणी तो उचलेना.

शंभूनं दूध सोडून आवाजाकडं मान वळवली. त्याला खांद्यावर टाकून मी आत गेले, तर माझा भाऊ सुयोग माठापाशी गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हातांनी तो तांब्या धरायला बघत होता आणि तांब्या त्याच्या बोटांना लागून पुन्हा पुन्हा वाजत होता.

"काय चाललंय रे?"

"तहान लागलेली." तो हसला. "तुमच्या विट्याचे तांबे पण मागासारखेच गं ताई. हात लावला की खडखड."

मीही हसले असते. पण तो उठला, भाच्याचा गाल ओढायला जवळ आला, आणि वास आला.

मी शंभूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. एवढंच केलं. सुयोगला ते कळलं. पुढं केलेला हात त्यानं मागं घेऊन खिशात घातला.

"रात्रीचा वास आहे गं," तो म्हणाला.

"रात्रीचा असा ताजा नसतो."

त्यानं माठाकडं तोंड फिरवलं. एकोणीस वर्षांचा होता. मिशी अजून नीट आली नव्हती, पण डोळ्यांखाली सूज होती, ती मी उगाच बसच्या प्रवासावर ढकलली होती. आदल्या संध्याकाळीच आई आणि तो कडेगावहून आले होते.

त्या दिवशी शंभूचं जावळ होतं. नऊ महिन्यांचं पोर. जन्मापासूनचे केस पहिल्यांदा उतरायचे, तेही मामाच्या मांडीवर बसवून. आमच्या सासरी या बाबतीत भारी कडक. मांडवात पाट मांडला होता, पाटासमोर रांगोळी होती, आणि भानुदास न्हावी वाटीतल्या पाण्यात वस्तरा बुडवून ठेवून मामाची वाट बघत होता. शंभूची टाळू अजून पुरती भरली नव्हती. झोपला की तिथली कातडी वर-खाली होताना दिसायची. रोज रात्री तेल लावताना माझं बोट तिथं आपोआप हलकं व्हायचं.

"ताई," सुयोग खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी बसव ना."

"दुसरा मामा कुठनं आणू आता?"

"सांग की पोटात दुखतंय म्हणून."

"आणि आप्पा डॉक्टर बोलावतील. मग?"

आप्पा म्हणजे माझे सासरे. तालुक्यात त्यांचा शब्द चालायचा. सासूबाई नव्हत्या, त्यामुळं घरातलं सगळं मोठ्या नणंदेच्या, शैला वन्संच्या हाती असायचं. कार्य असलं की त्या सासरहून चार दिवस आधी यायच्या. जावळाचे केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात, ते आत्यानं पदरात झेलायचे. म्हणजे वन्सं पाटाला गुडघा लावून बसणार. म्हणजे सुयोगच्या तोंडापासून हातभर अंतरावर.

एवढ्यात आई आली. हातात आहेराची पिशवी, त्यात भाच्यासाठी मामानं द्यायची चांदीची वाटी. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळं ती वाटी आईनं कशी केली असेल ते मी विचारलं नव्हतं.

"अगं, चला की. भानुदास कवाचा बसलाय."

"आई, हा प्यायलाय."

मला वाटलं होतं ती दचकेल. तिनं आधी दार लोटलं. मग म्हणाली, "हळू बोल. मांडवात ऐकू जाईल." आणि कनवटीची छोटी पिशवी काढून तिनं त्यातून चार वेलदोडे सुयोगच्या तळहातावर ठेवले.

माझ्या आईला पानाचं व्यसन नाही. सुपारीसुद्धा ती खात नाही. कनवटीला वेलदोडे बाळगायचं तिला काही कारण नव्हतं. सुयोगनं ते न बघता तोंडात टाकले, रोजचं औषध घ्यावं तसे. त्या दोघांची ही सवय मला माहीत नव्हती. फोनवर आई म्हणायची, पोरगं कॉलेजला जातंय, जरा उशिरा उठतंय, बाकी सगळं झकास.

"आई, कधीपासून?"

"ते आता इचारू नगंस." तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "पाच मिनटाचं काम हाय. तेवढं निभावून ने बाई. बाप न्हाई, काका न्हाईत, ह्यो एकच पुरुष राहिलाय आपल्या घरात. मामाचा मान गेला तर मी ह्या दारात परत कुठल्या तोंडानं येऊ?"

"आणि वस्तरा लागला तर?"

"लागत न्हाई. भानुदासचा हात बसलेला हाय."

"भानुदासच्या हाताचं नाही म्हणत मी."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. आईनं लेकीकडं तसं बघू नये. मी शंभूला तिच्याकडं दिलं आणि सुयोगला मोरीत नेलं. तोंड धुवायला लावलं. डोक्यावर पाणी ओतलं. धनंजयचं, माझ्या नवऱ्याचं, अत्तर त्याच्या कॉलरला लावलं. लहानपणी शाळेत पाठवताना पाडायचे तसा कंगव्यानं भांग पाडला. तो मान खाली घालून उभा राहिला होता, जसं काही मी त्याला सजवत नव्हते, शिक्षा देत होते.

"हात दाखव."

त्यानं दाखवले. बोटांची टोकं थोडी हलत होती. फार नाही. माणूस घाबरला की हलतात तेवढीच, असं मी मनाला सांगितलं.

"मांडी घट्ट ठेव. त्याचं डोकं छातीशी धर. आणि वन्सं बोलल्या तर तोंड उघडू नकोस."

"ताई..."

"चल."

मांडवात पन्नास-साठ माणसं होती. सुयोग दिसल्याबरोबर शैला वन्सं ओरडल्या, "आला गं बाई मामा! मला वाटलं, भाच्याच्या आधी मामाचंच जावळ काढायला लागतंय की काय, केस केवढे वाढवलेत ते!"

सगळे हसले. सुयोगही हसला, ओठ मिटून.

"काय आणलंय मामानं? चांदीची वाटी? आमच्या येळंला मामानं सोन्याची साखळी घातली हुती, व्हय का न्हाई आप्पा?"

"तुझ्या येळंला मामा गोठ्यात झोपलेला, त्याला उठवून आणला हुता," आप्पा म्हणाले. पुन्हा हशा. आप्पा खुशीत होते. त्यांनी सुयोगला टोपी-टॉवेल दिला, पाठीवर थाप मारली. "बस बाबा. मान तुझा हाय."

धनंजय मोबाईल घेऊन समोर उभा होता. न्हाऊन, नवा पांढरा शर्ट घालून, तोंडात पान. तो दिसायला नेहमीच ताजा असतो. "काय सालेसाहेब," तो म्हणाला, "झोप झाली का नाही? इकडं बघा, फोटो येऊ द्या मामा-भाच्याचा." त्याचे दोन मित्र मागं फिसकन हसले. मला ते नेहमीचं थट्टेचं हसणं वाटलं.

सुयोग पाटावर बसला. आईनं शंभूला त्याच्या मांडीवर ठेवलं. वन्सं पदर पसरून शेजारी बसल्या आणि मी बघितलं, त्यांच्या नाकपुड्या हलल्या. एकदा सुयोगकडं, एकदा माझ्याकडं त्यांनी बघितलं. बोलल्या मात्र काही नाहीत. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भानुदासनं पाण्याचा हात शंभूच्या डोक्यावरून फिरवला. शंभूला गंमत वाटली. तो मामाकडं तोंड करून त्याच्या शर्टाचं बटण खायला बघत होता.

"मामा, डोकं हलू देऊ नका," भानुदास म्हणाला. "मी थांबा म्हणलं की थांबायचं, बाकी सगळं माझ्यावर सोडा." त्यानं वस्तरा पाण्यातून काढला, तळहातावर एकदा उलटा-सुलटा फिरवला.

सुयोगनं शंभूचं डोकं छातीशी धरलं. हात हलत नव्हते. मी बघत होते ना, खरंच हलत नव्हते. मी श्वास सोडला. वस्तरा कपाळाशी आला.

"थांबा."

भानुदास थांबला. "काय झालं? पाय अवघडला का?"

"घ्या ह्याला." सुयोगचा आवाज फुटला. "कुणीतरी घ्या. मी प्यायलोय."

आधी कुणाला कळलंच नाही. एक म्हातारी म्हणाली, "काय पायजे म्हणतोय?" मग कळलं. मांडवभर ती शांतता पसरली, मागांशिवायची. तीत शंभू एकटाच बडबडत होता.

"काय म्हणालास?" आप्पा उठले.

"मी दारू प्यायलोय आप्पा. मला बाळ देऊ नका."

मी धावत जाऊन शंभूला उचललं. आई चांदीची वाटी दोन्ही हातांत धरून उभी होती, कुणाला द्यायची ते न कळल्यासारखी.

"लाज न्हाई वाटत?" आप्पांचा आवाज गल्लीत ऐकू गेला असेल. "मिसरूड फुटलं न्हाई अजून! माझ्या नातवाच्या कार्यात ढोसून येतोस? कुणी शिकवलं तुला हे? आं? तुझ्या बापानं तर कधी शिवली न्हाई. कुणी पाजली पहिली? नाव सांग!"

सुयोग पाटावरच होता. त्यानं आप्पांकडं बघितलं नाही, आईकडं नाही, माझ्याकडं नाही. कुणाकडंच बघायचं नाही म्हणून त्यानं मांडीवरच्या टॉवेलाची घडी घालायला घेतली. एक घडी, मग तिची दुसरी.

"सांग की!"

"माझा मीच," तो म्हणाला.

त्याच वेळी धनंजयनं मोबाईल खाली घेतला आणि शर्टाच्या टोकानं त्याची काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. तरी पुसत राहिला. मागचे दोन मित्र चपला शोधायला लागले होते.

तेव्हा मला गच्ची आठवली. आमच्या लग्नाची हळद. सुयोग अकरावीत होता. धनंजय आणि त्याचे मित्र त्याला खांद्यावर हात टाकून वर घेऊन गेले होते, आणि खाली आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. लग्न झाल्यावर धनंजय मला म्हणाला होता, "तुझ्या भावाचं उद्घाटन केलं त्या दिवशी. चांगला गडी आहे, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही." नव्या नवऱ्याला माझा भाऊ आवडला, याचाच मला आनंद झाला होता. नंतर दर सणाला, दर सुट्टीला दाजी आणि सालेसाहेब शेडवर 'गप्पा मारायला' जायचे. आदल्या रात्रीही गेले होते.

"बरं, आता पुरं करा," शैला वन्सं उठून म्हणाल्या. "वेळ टळून चाललीय. पोराला उघड्यावर किती वेळ भिजत ठेवायचं? धन्या, तू बस."

"मी?"

"मग काय मी बसू? बाप हाईस ना?"

धनंजय मांडवाबाहेर जाऊन पान थुंकून आला. चूळ भरली. पाटावर बसला. मी शंभूला त्याच्या मांडीवर दिलं. दिलं, कारण न देऊन मी काय म्हणणार होते? कुणापुढं म्हणणार होते? तोही रात्री शेडवरच होता. पानाच्या वासाखाली दुसरा वास होता, तो मला रोज उशीवर ओळखीचा झालेला. पण त्याचे हात जराही हलत नव्हते. सवयीचे हात.

भानुदासनं पुन्हा पाणी लावलं. केस वन्संच्या पदरात पडू लागले. धनंजयचा मोबाईल त्याच्या मित्रानं घेतला आणि फोटो काढला. शंभू रडला नाही. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग पंगती बसल्या.

सुयोग मला घरामागं पाण्याच्या टाकीपाशी सापडला. पायात बूट होते, पिशवी मांडीवर. बस दुपारची होती, पण तो तयार होऊन बसला होता. मी जेवणाचं ताट नेलं होतं, ते टाकीच्या कठड्यावर ठेवलं.

"आई कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"आत. कोपऱ्यात बसलीय."

"रडतीय?"

"नाही. तेच बघवत नाही."

तो बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. एवढ्या माणसांत बोलायची काय गरज होती? घाबरलो म्हण, चक्कर आली म्हण. आमचं नाक कापलंस. हे सगळं मी मनात जुळवून आणलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"हात तर हलत नव्हते रे तुझे."

"हो. थांबले होते." त्यानं हात पुढं धरून बघितले. आता बोटं स्पष्ट हलत होती. "सकाळी उठलो तर फार हलत होते ताई. रोजच हलतात. घेतली की थांबतात. म्हणून घेतली. शंभूला धरायचं होतं ना, म्हणून."

मी ताट त्याच्याजवळ सरकवलं.

"थांबले पण. त्यानं बटण तोंडात घातलं तेव्हा मला वाटलं, जमलं. आणि मग भानुकाकांनी वस्तरा आणला, तेव्हा मनात आलं, किती वेळ थांबणार आहेत ते मला कुठं माहीत आहे?"

पंगतीत वाढप्यांचा गलका चालला होता. आप्पा कुणाला तरी जिलबीचा आग्रह करत होते.

"दाजींना काही म्हणू नकोस," सुयोग म्हणाला. "त्यांनी पहिली दिली. रोजची नाही दिली. रोजची माझी मी घेतली."

"आप्पांना नाव का नाही सांगितलंस?"

"तुला इथंच राहायचंय ना."

त्यानं पिशवीतून एक लोकरीची टोपी काढली. पिवळी, वर गोंडा असलेली, बाजारातली. "वाटी आईची आहे. हे माझं. डोकं उघडं पडेल ना आता त्याचं." टोपी माझ्या हातात देऊन तो निघाला. ताटाला त्यानं हात लावला नाही.

टोपीला वास येत होता. शंभूला घालायच्या आधी मी ती साबणानं दोनदा धुतली. दुसऱ्यांदा धुताना गोंडा सुटून हातात आला.

या गोष्टीला आता सात वर्षं होत आली. सुयोग दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला. पहिल्यांदा आईनं पाठवला, दुसऱ्यांदा तो आपणहून गेला. हल्ली कोल्हापूरकडं एका रोपवाटिकेत काम करतो. कलमं बांधतो. आई म्हणते, आता घेत नाही. मी जास्त विचारत नाही. राखीला मी त्याच्याकडं जाते. तो आमच्या घरी येत नाही. का येत नाही, हे या घरात कुणीच विचारत नाही. आप्पा जाईपर्यंत त्यांच्या लेखी सुयोग म्हणजे 'सुनेचा तो बेवडा भाऊ' होता. धनंजयनं त्यांचं म्हणणं कधी खोडलं नाही. मीही नाही.

जावळाचा तो फोटो दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे. धनंजयच्या मांडीवर अर्धं डोकं भादरलेला शंभू. पाटाच्या कडेला घडी घातलेला टॉवेल दिसतो.

परवा शेजारच्या घरी जावळ होतं. शंभू बघून आला. संध्याकाळी मी त्याचा गृहपाठ घेत होते, तर पेन्सिल चावत तो फोटोकडं बघत बसला.

"आई, जावळ मामाच्या मांडीवर काढतात ना?"

"हो."

"मग माझं बाबांच्या का?"

इतकी वर्षं मी याचं उत्तर तयार ठेवलं होतं. मामाला बरं नव्हतं, एवढंच. पण त्याच्याकडं बघितलं आणि ते उत्तर देववेना. सुयोगनं साठ माणसांसमोर जे सांगितलं, ते मला एका पोराला सांगता येऊ नये?

"त्या दिवशी मामा दारू प्यायला होता," मी म्हणाले. "वस्तऱ्यानं तुला लागेल म्हणून त्याला भीती वाटली. मग तो स्वतःच सगळ्यांना म्हणाला, मी प्यायलोय, मला बाळ देऊ नका."

शंभूनं डोळे मोठे केले. "स्वतः सांगितलं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"त्याला रागवले का?"

"खूप."

"शूर आहे मामा," तो म्हणाला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. बरं झालं सांगितलं, असं वाटलं. शेडमध्ये पाळी बदलायची वेळ झाली होती. एकेक करून माग थांबले, घर शांत झालं. त्या शांततेत स्वयंपाकघरातून बर्फाचा ट्रे आपटल्याचा आवाज आला. मग पेल्यात खडे पडल्याचा.

"शंभ्या!" धनंजयनं लाडानं हाक मारली. "झाला का अभ्यास? ये, मांडीवर बस, मॅच बघू."

शंभू उठला. दोन पावलं गेला, आणि थांबला. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, शोकेसकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई," तो हळूच म्हणाला, बाबांना ऐकू जाणार नाही इतकं हळू, "आज बसू का मी?"